चाळीस क्रियापदे आणि एक बोट

मी एक जुना फिरता तक्ता आहे. जुना आणि आता अर्धा. माझी वरची चकती गेली, खालची उरली. पण मित्रांनो, लगेच चेहरे पाडून बसू नका. अशा गोष्टींत जुन्या वस्तू रडतात आणि तुम्ही हळहळता, मग पान उलटून खेळायला पळता, हे मला ठाऊक आहे. तुमची हळहळ मला नको. ‘मित्रांनो’ हेसुद्धा मी रीत म्हणून म्हणतो. आपली मैत्री झाल्याचे मला आठवत नाही.

मला एका सुताराने केले. लोकांची दारे करून उरलेल्या प्लायवूडमधून त्याने दोन गोल चकत्या कापल्या आणि एकीवर एक बसवल्या. वरच्या चकतीला तीन खिडक्या होत्या. खालची चकती कडेच्या मुठीने फिरवली की त्या खिडक्यांत इंग्रजीतल्या एका क्रियापदाची तीन रूपे येत. पहिल्या खिडकीत आज करायच्या कामाचे, दुसरीत काल केलेल्या कामाचे आणि तिसरीत करून झालेल्या कामाचे. गो, वेन्ट, गॉन. मूठ ढकलली की टक्क असा आवाज होई आणि पुढचे क्रियापद हजर होई. चकती मागेपुढे फिरवून लोक ती खिळखिळी करतील, या भीतीने सुताराने आत पत्र्याची एक जीभ ठोकली. त्यामुळे मी फक्त पुढे फिरे, मागे नाही. स्वतःच्या या अक्कलहुशारीवर तो इतका खूश झाला की जेवणाच्या सुट्टीत त्याने मला चारचौघांना दाखवले. पुढचे सगळे महाभारत त्या जिभेने घडवले.

अक्षरे सुताराच्या मेहुण्याने रंगवली. तो दुकानांच्या पाट्या रंगवी. त्याला इंग्रजीचा गंध नव्हता. चपलेच्या दुकानाच्या पाटीवर चप्पल काढावी, तशी त्याने कागदावर बघून अक्षरे काढली. एकही चूक केली नाही, कारण चूक करायलाही थोडे कळावे लागते.

मला करवून घेणारे गृहस्थ म्हणजे आमचे सर. एका रफूवाल्याच्या दुकानावरच्या खोलीत ते कामकरी लोकांसाठी इंग्रजी बोलण्याचा वर्ग चालवत. सरांना विद्यार्थी पाठीमागे ‘तिसरं रूप’ म्हणत, कारण कोणी दारात दिसला की सर त्याच्यावर एक क्रियापद फेकून “तिसरं रूप?” असे विचारत. माणूस जेवला का, त्याचा ताप उतरला का, हे त्यांनी कधी विचारले नाही. इंग्रजीत तर नाहीच. बोलण्याच्या वर्गात बोलणे तेवढे वर्ज्य होते.

माझ्यावर त्यांनी चाळीस क्रियापदे निवडून लिहवून घेतली होती. सगळी वाकडी. काल म्हटले की ज्यांचा चेहराच बदलतो अशी. ब्रिंगचे ब्रॉट होते, टेकचे टुक होते. सरळ क्रियापदांची सरांना कीव येई. “त्यांना काय, नुसता शेवटी ईडी लावायचा, की झाला भूतकाळ. त्यात शिकवायचं काय?” असे म्हणून एका झटक्यात त्यांनी हजारो क्रियापदे दाराबाहेर काढली. मलाही ते पटले. मी वाकड्यांचा तक्ता होतो, ऐऱ्यागैऱ्यांचा नव्हतो.

रोज वर्ग सुरू झाला की सर मूठ धरत. टक्क. बिगिन, बिगॅन, बिगन. टक्क. ब्रेक, ब्रोक, ब्रोकन. वीसपंचवीस माणसे एका सुरात ओरडत आणि माझ्याबरोबर उजव्या हाताचे बोट हवेत फिरवत, कारण सरांच्या मते बोट फिरले की डोके फिरते. राइट, रोट, रिटन हे चाळीसावे झाले की पुन्हा बिगिन. ये रे माझ्या मागल्या. आणि मी मागे फिरत नसल्यामुळे कोणाला मधले एखादे क्रियापद हवे असले तरी त्याला पहिल्यापासूनच निघावे लागे. लोकांना त्याची अशी सवय लागली की ‘झोपणे’ विचारले तर ती माणसे बिगिनपासून चालत चालत स्लीपपर्यंत येत. पोस्टमनसुद्धा एवढी घरे घेत नाही. आणि मला वाटे, काय हे विद्यार्थी, एकही घर चुकवत नाहीत.

त्या वर्गात दोन जावा येत. थोरली आणि धाकटी. दोघी एका मोठ्या हॉस्पिटलच्या चादरींच्या खोलीत कामाला होत्या. रुग्णांच्या चादरी, अभ्रे, पडदे धुवायचे, वाळवायचे, दोघींनी दोन टोके धरून घड्या घालायच्या, इस्त्री करून वॉर्डात पाठवायचे. दोघींचे नवरे एकाच गोदामात होते आणि ते गोदाम बंद पडल्यापासून घरात बसून होते. घर चालत होते ते या दोघींच्या हातांवर. आता हॉस्पिटलने धुण्याची मोठी यंत्रे घ्यायची ठरवली होती. खोलीवर एकच बाई ठेवायची, तिला इन्चार्ज करायचे आणि दुसरीने घरी जायचे. नव्या मेट्रनबाई परमुलखातून आलेल्या होत्या. त्यांना इथली भाषा येत नव्हती, म्हणून मुलाखत इंग्रजीत होणार होती.

धाकटी माझी लाडकी होती. दोन वर्षांत तिची एक दिवस गैरहजेरी नाही. चाळीसच्या चाळीस क्रियापदे ती एका दमात म्हणे. तिचे बोट माझ्या मुठीपेक्षा गुळगुळीत फिरे. सर तिला उभे करून नव्या लोकांना दाखवत. थोरली म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मधेच हसायची, क्रम चुकायची, “हे गेट दोनदा का आलं?” असे विचारायची. ते गेट नव्हते, गिव्ह होते. मला तिचा तिटकारा होता, आणि तो मी लपवत नाही.

मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशी दोघी वर्गात आल्या, तेव्हा सरांनी मोठ्या उत्साहाने विचारले, “काय मग, काय विचारलं?”

“काल काय काम केलंत, एवढंच विचारलं,” थोरली म्हणाली. “प्रश्न कळला हो मला. मी निघाले बिगिनपासून. बोट मांडीवर फिरवत होते, एकसुद्धा गाळलं नाही. राइटपर्यंत गेले, पण आमचं काम काही लागलं नाही. म्हटलं, नजरचुकीनं सुटलं असेल. परत बिगिन.”

“मग उत्तर काय दिलंत?”

“उत्तर कुठलं देतेय? मी दुसऱ्या फेरीत स्लीपवर होते, तेवढ्यात बाई थँक यू म्हणाल्या.”

“मी तिसऱ्या फेरीत होते,” धाकटी हळूच म्हणाली. तिला त्याचा थोडा अभिमानही होता.

मेट्रनबाईंनी नंतर कारकुनाला विचारले होते की या बायका उत्तर देण्याआधी जप करतात का. कारकुनाने सावरून घेतले. बाई सज्जन असाव्यात, कारण त्यांनी दोघींना आठ दिवसांनी पुन्हा यायला सांगितले होते.

वर्गात कोणी हसले नाही. कारण जो तो मनातल्या मनात आपले स्वतःचे काम माझ्यावर शोधत होता. शिंप्याला शिवणे सापडेना, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला दुरुस्ती सापडेना. सरांनी मात्र रोगाचे निदान केले. “वेग कमी पडतोय तुमचा,” ते म्हणाले. “आठ दिवस दुप्पट वेगानं फिरवा.” नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण तुम्ही शाळेत शिकला असाल. आमच्या सरांचे अंगण नेहमी विद्यार्थ्यांच्या घरी असे.

दुसऱ्या दिवशी दुपारी थोरली एकटीच आली. खोलीची किल्ली खाली रफूवाल्याकडे असे, ती तिने मागून घेतली होती. ती माझ्यासमोर उभी राहिली, मूठ धरली आणि एक एक क्रियापद बोटाने पुसल्यासारखे वाचू लागली. तिला ‘वॉश’ हवे होते. पूर्ण फेरी झाली. नव्हते. तिला वाटले, मधे कुठे तरी हुकले. म्हणून तिने मूठ मागे खेचली. मी हललो नाही. तिने दोन्ही हातांनी खेचली. ओल्या चादरी पिळून पिळून त्या हातांत काय जोर आला होता, ते त्या दिवशी मला कळले. पत्र्याची जीभ तुटली, माझ्या वरच्या चकतीचा खिळा उपटला आणि ती जमिनीवर पडून तडकली; खालची भिंतीवरच राहिली.

पहिल्यांदाच माझी चाळीसच्या चाळीस क्रियापदे एकदम उघडी पडली. थोरलीने ती सगळी पाहिली. तिथल्या तिथे, एका नजरेत. आवाज ऐकून रफूवाला वर आला. हा म्हातारा तरुणपणी बोटीवर होता. तिथे परदेशी माणसांचे कपडे दुरुस्त करता करता तो इंग्रजी बोलायला शिकला होता. त्याच्या इंग्रजीत एक रूप धड नव्हते आणि ते तो निर्लज्जपणे कोणाशीही बोले. माझ्या लेखी तो अडाणी होता.

“काका, यात धुणं नाहीच,” थोरली म्हणाली. “घडी नाही, इस्त्री नाही, वाळवणं नाही. दोन वर्षं आम्ही फिरवतोय काय?”

“टांगणं आहे बघ इथं. हँग.”

“ते चोराला फाशी द्यायचं. सरांनी तसंच शिकवलंय.”

“अगं, चादरपण तीच टांगतात.” रफूवाला हसत खाली बसला. “बरं, मला सांग, तुमच्या घरी पावडर कसली असते?”

“वॉशिंग पावडर.”

“खुर्ची?”

“फोल्डिंगची.” ती थांबली. “फोल्ड म्हणजे घडी?”

“कपडे कुठं देतात लोक? प्रेसला. सूट कुठं देतात? ड्रायक्लीनला. काखेत कळसा नि गावाला वळसा तुझा. आता पिशवीतली ती चादर काढ. काल काय केलंस, सांग मला. मी थांबणार नाही हं, तू बोलली नाहीस तर मी पुढचं विचारणार.”

थोरलीने पिशवीतून फाटकी चादर काढली. ती रफू करून न्यायला तिने आणलीच होती. दोघांनी दोन टोके धरली. मी भिंतीवरून बघत होतो, म्हणजे माझे जे उरले होते ते बघत होते. ती म्हणाली, “आय वॉश.” मग स्वतःच मान हलवली. “काल म्हणायचं, तर ड लागतो ना? सर एकदा म्हणाले होते. काम उरकलं, की ड. आय वॉश्ड. आय फोल्डेड.”

“मी तर कधी ड लावला नाही,” रफूवाला म्हणाला.

“तुम्ही नका लावू. मला लागेल.”

मग माझ्याकडे बघून ती जे बोलली, ते मी विसरलेलो नाही. “काका, हे आमच्या कपड्यांसारखंच आहे बघा. काही कापड धुतलं की आटतं, रंग सोडतं, ओळखू येत नाही. ती ही चाळीस. त्यांना लक्षात ठेवायला लागतं. बाकीच्या कपड्यांना काही होत नाही, शेवटी एक टाका घातला की झालं. आणि हे पुट आहे ना, पुट, पुट, पुट, ते पक्क्या रंगाचं.” वाकडे क्रियापद म्हणजे काय हे दोन वर्षांत सरांना सांगता आले नव्हते. मला तर सांगायचे असते हेच माहीत नव्हते. जिला मी पालथा घडा समजत होतो तिने ते चादरीची घडी घालता घालता सांगून टाकले. मला लाज वाटली.

माझ्यावर चाळीस क्रियापदे होती, पण ती कामे कोण करते ते माझ्यावर कुठेच लिहिलेले नव्हते. ना मी, ना तू, ना आम्ही. नुसतीच कामे, माणसावाचून. आणि हे ध्यानात यायला मला मोडावे लागले.

संध्याकाळी सर आले. थोरलीने त्यांना सरळ सांगितले, “मी मोडला.” सरांनी तिला उद्यापासून येऊ नका म्हटले आणि मला जिन्यात ठेवले. धाकटी जावेवर रागावली. तक्ता मोडला म्हणजे आपले नशीबच मोडले असे तिला वाटले. घरी दोघी दोन दिवस बोलल्या नाहीत. थोरली रोज कामावरून येताना रफूवाल्याकडे थांबे आणि चादर धरून बोले. धाकटी वर जाई आणि दुप्पट वेगाने बोट फिरवी. तक्ता नसतानाही तो वर्ग तसाच चालला होता, यावरून माझी तिथे किती गरज होती ते तुम्हीच ठरवा.

रफूवाल्याने मला जिन्यातून उचलून नेले. रफू करताना मांडीवर घ्यायला त्याला सपाट फळी हवी होती. ती मी झालो. अजूनही आहे. दुसऱ्या मुलाखतीची हकीकत मी तिथेच ऐकली. ती सांगायला दोघी एकत्र आल्या होत्या आणि एकमेकींचे बोलणे तोडत होत्या.

मेट्रनबाईंनी या वेळी दोघींना एकेकटीला नाही, एकत्र, शेजारी शेजारी बसवले होते. प्रश्न तोच. थोरली लगेच बोलू लागली. सकाळी काय धुतले, काय वाळवले, कुठला पडदा फाटला, तो कसा शिवला. दोनचार रूपे चुकली असतील, पण ती थांबली नाही. एवढेच की ती सगळीकडे ‘वी’ म्हणत होती. आम्ही धुतले, आम्ही वाळवले. मेट्रनबाई तिला मधेच अडवून म्हणाल्या, मी तुमच्याबद्दल विचारते आहे, आम्ही म्हणजे कोण. थोरलीने जावेकडे बोट दाखवले आणि तुटक्या इंग्रजीत सांगितले की चादरीला दोन टोके असतात, एका माणसाला घडी घालता येत नाही.

मग मेट्रनबाई धाकटीकडे वळल्या. तू काल काय केलेस?

“आणि झालं, हिचं सुरू,” थोरली म्हणाली. “टेबलाखाली बोट गरगर गरगर. ओठ हलतायत. मला दिसतंय, ही गेली आता, ही काही परत यायची नाही. बाई घड्याळाकडे बघायला लागल्या.”

“मला थांबताच येईना, जाऊबाई,” धाकटी म्हणाली. “खरंच सांगते. मला ठाऊक होतं की ते त्यात नाहीये. तुम्ही सांगितलंच होतं मला. तरी बोट फिरतच होतं.”

थोरलीने टेबलाखाली हात घातला आणि तिचे बोट मुठीत धरले. घट्ट. धाकटीने सोडवायचा प्रयत्न केला, पण ओल्या चादरी पिळणारी मूठ होती ती. बोट अडकले तशी धाकटीची सगळी यादीही अडकली. मागे काही नाही, पुढे काही नाही. आणि मग ती म्हणाली, “आय फोल्ड. विथ हर.”

रूप चुकले होते. ड राहिला होता. माझ्या लाडक्या विद्यार्थिनीने दोन वर्षांनी उच्चारलेले पहिले इंग्रजी वाक्य, आणि ते चुकीचे. मेट्रनबाईंना ते पूर्ण कळले. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिले. इन्चार्ज थोरली झाली. धाकटीला सहा महिन्यांसाठी ठेवले आहे, घड्यांच्या कामाला. पुढचे पुढे बघू म्हणाल्या. सहा महिने म्हणजे काही जन्माची सोय नव्हे, पण घरी दोन्ही चुली पेटत्या राहिल्या.

सरांनी या दोघींची नावे वर्गाबाहेरच्या पाटीवर लिहवून घेतली आहेत, ‘फिरत्या तक्त्याच्या पद्धतीने यशस्वी’ म्हणून. नवा तक्ताही आला आहे. साठ क्रियापदांचा, गुळगुळीत, प्लास्टिकचा. तोही पुढेच फिरतो. संध्याकाळी वरून त्याची टक्क टक्क ऐकू येते आणि त्याच्या मागून वीसपंचवीस माणसांचा आवाज. मी खाली मांडीवर पडून ऐकतो. माझी बरीचशी अक्षरे आता कापडाने घासून गेली आहेत.

मित्रांनो, या जागी आमच्यासारख्यांनी ‘आमची निगा राखा’ असे म्हणायचे असते. मी ते म्हणणार नाही. माझी निगा खूप राखली गेली. दर रविवारी तेलाच्या फडक्याने मला पुसायला धाकटीच येत असे, आणि त्या बदल्यात मी तिला काय दिले ते तुम्ही ऐकलेच. तुमच्या वर्गातही अशी कोणी असेल. सगळे पाठ, सगळे अचूक, पहिल्या बाकावर, आणि साधा प्रश्न विचारला की गप्प. तिला ढ म्हणू नका. बाकाखाली वाकून बघा. तिचे बोट फिरत असेल. ते धरा, आणि ती जे बोलेल ते चुकीचे असले तरी ऐकून घ्या.